‘फक्त तुमच्यासाठी’चा व्याजदर

वसईतल्या त्या शाळेच्या व्हॅनचं प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते सगळे आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे मात्र वेगळं उभं आहे. यात रक्त नव्हतं. चोरी होती, आणि ती भरदिवसा, एसीत बसवून, गार सरबत पाजून केलेली होती. मी वेळेआधीच राजीनामा देऊन खाकी उतरवली आणि आज ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरतो, त्याचं मूळ या प्रकरणात आहे. नावं कोणाचीच लिहीत नाही.

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागून महिना होऊन गेला होता. सकाळची हजेरी आटोपून मी ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ उभा होतो, तेवढ्यात वटार गावाच्या बाजूच्या एक बाई आत आल्या. ख्रिस्ती कुटुंबातल्या, चाळिशीच्या आसपास, शाळेच्या मुलांची व्हॅन स्वतः चालवणाऱ्या. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घर त्या व्हॅनवर चालत होतं. आमच्या भागातली जुनी गावं घरात आपापली बोली बोलतात. पोलीस ठाण्याची पायरी चढली की पुस्तकातलं मराठी बाहेर काढतात. बाईंनीही तेच केलं.

"साहेब, मला फसवणुकीची तक्रार नोंदवायची आहे."

"कोणी फसवलं?"

"आमच्याच गावच्या माणसाने."

आमचे हवालदार मागून म्हणाले, "बरोबर आहे. परक्याला घराचा पत्ता कुठे माहीत असतो?"

बाई हसल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि सांगू लागल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हायवेवरच्या एका शोरूममधून कर्जावर व्हॅन घेतली. कर्ज जुळवून दिलं गावातल्याच एका फायनान्सवाल्याने. सगळ्या गावाची कर्जं तोच करतो, चर्चच्या सणाला मांडव घालायला तोच पुढे. तो यांना म्हणाला होता, "ताई, बँकेचा हा सगळ्यात कमी दर. मी आणि शोरूम यात एक रुपया घेत नाही. फक्त तुमच्यासाठी म्हणून करतोय. कोणाला सांगू नका, नाहीतर सगळे मागतील." दर होता साडेतेरा टक्के. बाईंनी कोणाला सांगितलं नाही. मग परवा बाजारात शाळेच्या दुसऱ्या एका व्हॅनवालीशी बोलणं झालं. तीच व्हॅन, तीच बँक, कर्जही त्याच सुमाराचं. ती मात्र कोणाला मध्ये न घेता थेट बँकेत गेली होती. तिला साडेदहा.

"वरचे तीन टक्के कुठे गेले साहेब? दोन वर्षं मी त्याच्या घरी नाताळचा केक पाठवतेय. अंडी घालून!"

सुट्टीत व्हॅन उभी, कमाई बंद. दोन हप्ते थकले होते आणि बँकेची नोटीस आली होती: पैसे भरा, नाहीतर गाडी ओढून नेऊ. जूनमध्ये शाळा उघडताना दारात व्हॅन नसेल, तर पालक दुसरी व्हॅन लावणार. ती मुलं पुन्हा यांच्याकडे येत नाहीत. जास्तीचं व्याज परत मिळालं तर थकलेले हप्ते भरून गाडी वाचणार होती. एवढं सरळ गणित होतं.

आमच्या वरिष्ठांनी अर्ज वाचला आणि बाजूला सरकवला. "दिवाणी बाब आहे. व्याज जास्त लागलं म्हणजे गुन्हा होत नाही."

"सर, खोटं सांगून लावलं असेल तर?"

"तर ते खोटं सिद्ध कर. एका बाईचा शब्द पुरायचा नाही. प्राथमिक चौकशी लाव, बघ काय निघतं."

त्यांचं कायद्याने चुकलं नव्हतं. आपल्याकडे खिशातून पाकीट मारलं तर गुन्हा दाखल होतो. सही घेऊन मारलं की ती दिवाणी बाब होते. याची चीड मला तेव्हाही होती, आताही आहे.

त्या फायनान्सवाल्याकडून कर्ज घेतलेल्यांना आम्ही ठाण्यात येण्याची समजपत्रं पाठवली. एकेक जण इस्त्रीचा शर्ट घालून आला. एकेकाला आतल्या खोलीत बसवलं, चहा दिला, जबाब घेतला. सगळ्यांचं उत्तर जवळपास एकच. "आमची काही तक्रार नाही." "उलट त्यांनीच मदत केली." किनाऱ्यावरच्या कळंब गावचा एक मच्छीमार, ज्याने तिथल्या कॉटेजमध्ये उतरणाऱ्या पाहुण्यांना फिरवायला गाडी घेतली होती, तो तर माझ्यावरच उखडला. "साहेब, त्याने आपल्यासाठी केलंय. मी त्याच्या विरोधात कोनाला काय बोलनार नाय. माझा दर मी सांगनार नाय."

दर विचारला की प्रत्येक जण दाराकडे बघायचा. दाराबाहेर बाकावर त्याचाच कोणीतरी शेजारी बसलेला असायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी भीती ओळखायला शिकलो होतो. ही पोलिसांची भीती नव्हती. हे वेगळंच काहीतरी होतं आणि ते मला कळत नव्हतं.

कळलं ते बाईंमुळे. चौकशी कुठवर आली हे विचारायला त्या आल्या, मी कपाळाला हात लावून बसलेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुस्तकी मराठी गळून पडलं.

"तुम्ही एकेकाला खोलीत बोलावताय? साहेब, एकेकाला खोलीत बसवूनच तर फसवलंय! प्रत्येकाला वाटतंय, शेजाऱ्यापेक्षा मला स्वस्त मिळालं. आता तोंड उघडलं तर शेजारी विचारेल, मग तेव्हा मला का नाही सांगितलंस? तुमच्या खाकीला नाही घाबरत कोणी. शेजाऱ्याला घाबरतात."

हवालदार म्हणाले, "मग काय करायचं बाई, गावजेवण घालायचं?"

"रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर या. साध्या कपड्यात. आणि तुम्ही काही विचारू नका. मी विचारते."

आमच्या भागात नवी गाडी आली की रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात रांगेत लावतात. फादर बाहेर येतात, प्रार्थना म्हणतात, गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. सगळं घर गाडीभोवती उभं राहून फोटो काढतं. त्या रविवारीही रांग होती. आधी गाड्या घेतलेलेही मिस्सासाठी आलेच होते. आणि फायनान्सवाला होताच. त्याने कर्ज करून दिलेल्या प्रत्येक गाडीच्या फोटोत तो बॉनेटवर हात ठेवून असायचा. शेजारच्या वाडीतला एक हिंदू बागायतदार आपली नवी गाडी देवळातून थेट इकडे घेऊन आला होता, नारळाचं पाणी अजून बंपरवर. कोणीतरी त्याला टोकलं तर म्हणाला, "दोन्हीकडचा इन्शुरन्स काढून ठेवतोय!" सगळे हसले. हवालदार आणि मी झाडाखाली उभे राहिलो.

फादर आत गेले. बाई सरळ बागायतदाराच्या गाडीपाशी गेल्या आणि फायनान्सवाल्याकडे बोट दाखवून मोठ्याने, अगदी मजेत म्हणाल्या, "काका, छान गाडी! यांनीच कर्ज केलं ना? तुम्हालाही 'फक्त तुमच्यासाठी' म्हणाले का हो?"

काका गडबडले. मग फुशारकीने म्हणाले, "म्हणजे काय? खास दर लावून दिलाय मला."

"किती?"

"तेरा."

"मला साडेतेरा. मलाही खासच होता."

पुन्हा थोडं हसू उठलं, पण अर्ध्यात थांबलं. फायनान्सवाला घाईघाईने म्हणाला, "ताई, इथे कशाला हा विषय, देवाच्या दारात..."

"देवाच्या दारात खरं बोलतात, म्हणून."

मागून एक तरुण म्हणाला, "आम्हाला साडेबारा. आणि आम्हालाही कोणाला सांगू नका म्हणाले होते." मग कोणीतरी पावणेबारा म्हणालं. मग एका नवराबायकोची तिथेच जुंपली. "मी म्हटलं होतं तुला, बँकेत विचारू!" "तू म्हटलं होतंस? तूच म्हणालीस, आपल्या माणसाला काय विचारायचं!" आणि ज्याने ठाण्यात माझ्यावर आवाज चढवला होता तो कळंबचा माणूस, बायकोच्या माहेरच्या मिस्साला आलेला, गर्दीतून पुढे आला. चेहरा लाल. "मला चौदा लावलेत," तो म्हणाला. "चौदा! आनि मी याच्यासाठी पोलिसांशी भांडून आलो."

मी पुढे निघालो होतो, पण हवालदारांनी माझा दंड धरून ठेवला आणि मी झाडाखालून एक पाऊलही पुढे टाकलं नाही. सोमवारी सकाळी ठाण्यासमोर बाक पुरला नाही. तेच लोक, पण या वेळी एकत्र आलेले आणि एकमेकांसमोर दर सांगणारे. महिला अंमलदार जबाब लिहून लिहून थकली.

फायनान्सवाल्याला चौकशीला बोलावलं. मी आवाज चढवला नाही. आवाज चढवला की माणूस आपल्या बचावाकडे पळतो, शांत बसलं की तो शांतता भरायला बोलतो. मी एवढंच विचारलं, "तुम्ही कोणाकडून एक रुपया घेत नाही, असं सगळेच सांगतात. मग घर कशावर चालतं?"

त्याने टेबलावरच्या जबाबांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मग बोलला. बँक दर ठरवून देते, साडेदहा म्हणा. शोरूमच्या फायनान्स टेबलाला वर चढवायची मुभा असते. जेवढा दर वर, तेवढा पैसा बँकेकडून शोरूमला परत. धंद्यात त्याला पेआउट म्हणतात. त्यातला हिस्सा याला. ग्राहकाला यातलं काहीच कळत नाही, कारण गाडी, हप्ता, सीट कव्हर, सगळं एकाच श्वासात सांगितलेलं असतं.

"मग कोणाला किती चढवायचं, हे कसं ठरवता?"

"जो जास्त प्रश्न विचारतो त्याला कमी लावतो साहेब."

"आणि गावातल्या लोकांना?"

त्याने मान खाली घातली. "आपली माणसं विचारतच नाहीत. त्यांना सगळ्यात जास्त लागतो."

हवालदार खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.  हे वाक्य मी आज प्रत्येक पत्रकावर मोठ्या अक्षरात छापतो.

दुसऱ्या दिवशी शोरूमचा फायनान्स मॅनेजर आला, गळ्यात टाय, कपाळावर घाम. "सर, हे सगळीकडे चालतं."

"पाकीटमारीही सगळीकडे चालते," मी म्हटलं. "तुम्ही या लोकांना कमिशन नाही म्हणून सांगितलंत की नाही, तेवढं बोला." तो वकिलाला विचारून सांगतो म्हणाला. वरिष्ठांनी सगळे जबाब एकदा वाचले, चष्मा काढला आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल करायला सांगितलं.

पण गुन्हा दाखल झाला म्हणून पैसे परत येत नाहीत. पोलीस वसुली करत नाहीत, करूही नये. त्यासाठी सगळ्यांनी मिळून ग्राहक आयोगात तक्रार केली, आणि तिथे तारीख पडते. बाईंच्या व्हॅनला तारखेपर्यंत थांबायला सवड नव्हती. शोरूमला हे माहीत होतं. त्यांनी बाईंना एकटीलाच बोलावलं, पुन्हा एसी, पुन्हा सरबत. सगळी जास्तीची रक्कम आजच देतो, थकलेले हप्तेही आम्ही बघतो, फक्त तक्रार मागे घ्या आणि बाहेर बोलू नका.

बाई तिथून सरळ ठाण्यात आल्या. "घेऊ का साहेब?" असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "मी नाही म्हणून आलेय. आता गाडी ओढायला येतील तेव्हा काय करायचं तेवढं सांगा."

 बँकेला पत्र लिहिण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं, आणि पत्राला उत्तर आलं नव्हतं. घरी सासू त्यांच्याशी धड बोलत नव्हती. देत होते तर घ्यायचे ना, गावाचं ओझं तुझ्याच डोक्यावर का, असं म्हणत होती. मला तर वाटलं होतं, त्या घेतील. घेतले असते तर मी त्यांना दोष दिला नसता.

वसुलीवाले यायच्या आधी कळंबचा तो माणूस आणि बागायतदार काका त्यांच्या दारात पोचले. बाकीच्यांकडून गोळा करून दोन्ही हप्ते आणले होते. बाई घेईनात. उधारी नको म्हणाल्या.

"उधारी कसली?" कळंबवाला म्हणाला. "तू त्यांचे पैसे घेऊन गप बसली असतीस तर तुझे सुटले असते, आमचे बुडले असते. घे गपचूप. भांडायला मी पोलीस ठान्यात जातो, इथे नाय."

सासूने आतून खुर्च्या आणून ठेवल्या आणि पाहुण्यांना पाणी दिलं, हे मला काकांनी नंतर सांगितलं.

आयोगापुढे पहिली सुनावणी व्हायच्या आधीच शोरूम आणि बँक नरमले. तक्रार केलेल्या प्रत्येकाला जास्तीचं व्याज परत मिळालं, पुढचे हप्ते खाली आले. फौजदारी खटला अजून चालू आहे. फायनान्सवाल्याने न्यायालयात खरं सांगायचं कबूल केलंय. गावात मांडव घालायला आता दुसरा कोणी असतो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, हे लोक विचारतात. मी पोलीस प्रशिक्षणात गुन्हेगार एकटा कसा पाडायचा ते शिकलो होतो. इथे एकटं पाडलं होतं ते फसलेल्यांना, आणि त्यांना एकत्र आणल्यावर गुन्हा आपोआप उघडा पडला. ते काम मी केलं नाही. एका व्हॅन चालवणाऱ्या बाईंनी चर्चच्या आवारात उभं राहून केलं. मी त्यांचा ऋणी आहे, आणि त्या कळंबवाल्याचा, आणि माझ्याच हवालदारांचा, ज्यांनी त्या रविवारी मला झाडाखालून हलू दिलं नाही. तुम्ही गाडी घ्याल तेव्हा एवढंच करा: या कर्जातून कोणाला किती मिळतं ते तोंडावर विचारा, आणि आपला दर शेजाऱ्याला सांगा. लाज वाटू देऊ नका. लाज त्यांना वाटू द्या.

त्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या सकाळी मी ठाण्याच्या दारात उभा होतो. पांढरी व्हॅन समोरून आली, मुलांनी खच्चून भरलेली, एकाची पाण्याची बाटली खिडकीबाहेर लोंबत होती. बाईंनी मला पाहिलं, हॉर्न दिला आणि न थांबता निघून गेल्या. घंटा व्हायला आली होती. तक्रारदाराला पोलीस ठाण्यासमोर थांबायला वेळच नसावा, यापेक्षा मोठं बक्षीस मला नोकरीत मिळालं नाही.