चवड्याएवढी जागा

नागेश आप्पा साडीची घडी एकटे घालायचे. इरकल असो नाहीतर लग्नाची जड काठाची साडी, दुसऱ्याचा हात लागू द्यायचे नाहीत. गोदामात चटईवर बसायचे, साडीचं एक टोक उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत धरायचे आणि दोन्ही हातांनी बाकीची साडी अशी ओढून आणायचे की काठावर काठ तंतोतंत बसायचा. घडी झाली की जिथं पाय लागला तिथं हात टेकवून तो डोळ्यांना लावायचे. मी दुकानात नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी हे बघत उभी राहिले. माझ्याकडे मान न वळवताच ते म्हणाले, "पाय नुसता चालायला नसतोय गं पोरी."

आप्पा वडगावच्या विणकर घरातले. बारा-तेरा वर्षांचे असल्यापासून हातमागाच्या पावड्या त्यांनी अनवाणी पायांनी दाबल्या होत्या. त्यामुळे चवडा चांगलाच पसरलेला, पाचही बोटं एकमेकांपासून सुटी. घरचा माग बंद पडल्यावर ते बेळगावच्या बाजारातल्या आमच्या दुकानात आले आणि पुढची पंचवीसेक वर्षं तिथल्या पांढऱ्या गादीवर मांडी घालून साड्या विकल्या. गिऱ्हाईक कन्नड बोललं तर कन्नड, मराठी बोललं तर मराठी, आणि गप्प राहिलं तर आप्पाही गप्प. मी हिंडलग्याहून रोज बसनं येणारी, बी.कॉम. झालेली, पहिलीच नोकरी. गिऱ्हाईक आलं रे आलं की मी भाव आणि रंग सांगत सुटायचे. आप्पा मला बाजूला घेऊन समजवायचे, "त्यास्नी बोलू दे आधी. काय पायजे ते बोलता बोलताच कळतंय त्यास्नी."

मोठ्या मालकांनी अंथरूण धरलं आणि कारभार धाकट्या मालकांकडे आला. त्यांनी दुकान नवं केलं. गाद्या गेल्या, काचेची काउंटरं आली, खाली पांढऱ्या चकचकीत फरश्या. आता गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं आणि आम्ही दिवसभर उभे. सगळ्यांना एकसारखा गणवेश, आणि त्याबरोबर एकसारखे काळे बूट, पुढून निमुळते, टोकाला अगदी चोचीसारखे. धाकटे मालक वाईट माणूस नव्हते. बंगळूरच्या दुकानात जे बघून आले, ते त्यांना इथं हवं होतं, एवढंच.

आप्पांना आठ नंबरचा बूट चढेना. नऊ नंबर चढला, पण टाच आत खेळायची आणि पुढची बोटं तशीच आवळलेली. "लांबी वाढली, रुंदी न्हाय वाढली," ते म्हणाले. चप्पल घालू का, असं त्यांनी मालकांना एकदा विचारलं. मालकांनी अदबीनंच सांगितलं की तुम्हीच नियम मोडलात तर बाकीच्यांना मी काय तोंडानं सांगू? आप्पांनी मान हलवली आणि पुन्हा विषय काढला नाही. त्यांच्या वयाच्या दोघांना त्याच महिन्यात 'आता आराम करा' म्हणून घरी बसवलं होतं. पायाचं रडगाणं गायलं की तिसरा नंबर आपला, हे त्यांनी ओळखलं होतं. गिऱ्हाइकासमोर साडी उलगडल्याशिवाय दिवस कसा काढायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दोन महिन्यांत माझ्या अंगठ्याचं नख मांसात शिरलं. मी काउंटरमागे एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी असायचे. आप्पांच्या ते लक्षात आलं. एका संध्याकाळी गोदामात त्यांनी साडीच्या खोक्याचं झाकण जमिनीवर ठेवलं, मला त्यावर अनवाणी उभं केलं आणि पेन्सिलीनं पायाभोवती रेघ ओढली. मग माझा बूट त्या रेघेवर ठेवला. अंगठ्याची बाजू आणि करंगळी दोन्हीकडून बाहेर उरली, चांगली बोटभर.

"जेवढं भाईर ऱ्हायलंय, तेवढं बूट रोज दाबतोय," ते म्हणाले. "पाय बुटासारखा व्हत न्हाय पोरी. वाकडा व्हतोय."

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना बघून घ्यावा, सगळ्यांत लांब बोटापुढं अंगठ्याएवढी जागा मोकळी असावी आणि आत पाचही बोटं हलवता यावीत, असं त्यांनी मला सांगितलं. शुगरच्या तपासणीला जायचे तिथल्या डॉक्टरांनी त्यांना हे शिकवलं होतं. मग तुमच्या पायाचं काय, मी विचारलं. ते हसले. "मला काय बी दुखत न्हाय."

मला बरं वाटलं. आमच्या घरी दुखत नाही म्हणजे माणूस ठीक आहे, एवढंच माहीत. बारा वर्षांच्या शुगरनं त्यांच्या पायाची जाणीवच मारून टाकली होती, हे मला कुठून कळणार.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नाच्या खरेदीची गर्दी सुरू झाली. एका दुपारी मी गोदामात डबा खायला गेले, तर आप्पा नळाखाली मोजा धूत होते. पाणी तांबूस येत होतं. मला बघून त्यांनी पाय चटकन धोतराआड घेतला. घरून ते धोतरच नेसून यायचे आणि गणवेश दुकानात चढवायचे; तो भिजू नये म्हणून मोजा धुताना पुन्हा धोतर गुंडाळलं होतं. मी पाय बघायला मागितला, त्यांनी दाखवला नाही. फक्त म्हणाले, "सीझन संपू दे. मग दाखवतो डॉक्टरला. तू कुणाला बोलायचं न्हाय."

मी कबूल केलं. त्यांचा शब्द मोडवत नव्हता, हे खरं आहे. पण त्याबरोबर आणखी एक होतं. मालकांच्या बुटांबद्दल तक्रार घेऊन जाणारी पहिली मुलगी मला व्हायचं नव्हतं. माझी नोकरी जेमतेम वर्षाची होती.

आठ दिवस मी गप्प राहिले. रोज सकाळी त्यांच्या चालीकडे बघायचे. ते लंगडत नव्हते, आणि त्याचीच मला भीती वाटायची. बुटाजवळ एक कुबट वास यायला लागला, तेव्हा त्यांनी खिशात अत्तराचा बोळा ठेवायला सुरुवात केली. मी त्या वासाबद्दलही बोलले नाही.

नवव्या दिवशी चिकोडीचं एक कुटुंब आलं. नवरी, तिची आई, दोन मावश्या. आप्पा तीन तास उभे राहून त्यांना साड्या दाखवत होते. मी शेजारी घड्या घालत होते. ते खालच्या कप्प्यातली साडी काढायला दोन पावलं सरकले आणि पांढऱ्या फरशीवर बुटाच्या टोकाचा ओला, काळपट ठसा उमटला. मग दुसरा. नवरीच्या आईनं अजून खाली पाहिलं नव्हतं. मालक समोरच्या काउंटरला होते. मी हळूच पुढं होऊन माझ्या बुटानं जवळचा ठसा झाकला आणि आप्पांच्या कानाशी म्हणाले, "आप्पा, बसा आता."

"एवढं गिऱ्हाईक व्हऊ दे."

त्यांचं कपाळ घामानं डबडबलं होतं. अंगात ताप असावा. मी त्यांच्या हातातून साडी ओढून घेतली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं; आजवर त्या डोळ्यांत मी तसा राग पाहिला नव्हता. मी मान खाली घातली, पण साडी सोडली नाही, आणि मालकांना मोठ्यानं हाक मारली.

गोदामात बूट निघेना. पाय आत सुजून बसला होता. शेवटी कापडाच्या कात्रीनं मी बूट पुढून चिरला. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर चढून घट्ट चिकटली होती, एकाचं नख दुसऱ्यात रुतलेलं, आणि अंगठा काळानिळा झालेला. मालक दारात उभे होते. आप्पा आपल्याच पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसे बघत होते. "दुखत न्हाय व्हो," ते मालकांना म्हणाले, जणू त्यांची समजूत घालत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी लाली जिथवर चढली होती तिथं पेनानं रेघ मारली. लाली रेघेच्या आत राहिली तर बोटं वाचतील, पुढं सरकली तर कापावी लागतील, असं त्यांनी सांगितलं. आप्पांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणायचो. मी आणि आक्का दोन दिवस त्या रेघेकडे बघत बसलो. आक्का दर थोड्या वेळानं पदरानं डोळे पुसायच्या आणि मलाच विचारायच्या, सरकली का गं? पहिल्या दिवशी नाही सरकली. दुसऱ्या दिवशी दुपारी सरकली. संध्याकाळी अंगठा आणि शेजारचं बोट काढलं.

तिसऱ्या दिवशी धाकटे मालक भेटायला आले. दवाखान्याचं सगळं मी बघतो, एवढं म्हणून ते उभे राहिले. आप्पांनी त्यांना जवळ बोलावलं.

"माझं झालं ते झालं, मालक. बाकीच्यांचे पाय बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मालकांनी आम्हा अकरा जणांना गोदामात बूट काढायला लावले. कुणाच्या करंगळीवर भोवरी, कुणाचं नख काळं पडलेलं, एकीचा अंगठा वाकून दुसऱ्या बोटाखाली गेलेला. शिपायाला सांगण्याऐवजी मालक स्वतः गुडघ्यावर बसून एकेकाचा पाय बघत गेले. शेवटच्या पायापाशी ते बराच वेळ उठले नाहीत. उठल्यावर म्हणाले की उद्यापासून ज्याला जे पायात नीट बसतं ते घालून या, आणि काउंटरमागे प्रत्येकाला स्टूल मिळेल.

आप्पा दुकानात परतले नाहीत. मालक दोनदा बोलवायला गेले, पण तोल सांभाळायला काठी लागत होती आणि काठी धरून साडी उलगडता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. ते घरीच शेजारच्या यंत्रमागांवरच्या साड्या तपासून द्यायचे. मी सुट्टीच्या दिवशी वडगावला जायचे. ते दुकानातलं सगळं विचारायचे, कुठला काठ चालतोय, चिकोडीच्या त्या नवरीनं शेवटी कुठली साडी घेतली. त्या आठ दिवसांबद्दल मात्र कधी बोलायचे नाहीत, आणि मीही बोलत नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटले होते. आक्का आत चहा ठेवत होत्या. मी धीर करून विचारलं, "आप्पा, तुम्ही मोजा धूत होता, त्याच दिवशी मी मालकांना सांगितलं असतं तर?"

मला वाटलं होतं, ते माझी समजूत घालतील. तुझा काय दोष, मीच बोलू नगं म्हटलो हुतो, असं काहीतरी म्हणतील.

"एक बोट तर वाचलं असतं," ते म्हणाले. "सांगायला पायजे हुतंस पोरी. मी नगं म्हटलो तरी."

आवाजात राग नव्हता. मला रडू आलं, ते त्यांनी येऊ दिलं. आक्का चहा घेऊन आल्या आणि का रडते म्हणून विचारू लागल्या, तेव्हा आप्पांनी माझी कपबशी माझ्याकडे सरकवली आणि त्यांना सांगितलं, "काय न्हाय. आमचं एक बोलणं ऱ्हायलं हुतं. ते झालं."