डोंगराकडं पाठ फिरवलेला अँटेना

दिपमालाच्या सासरी, खडकदरे गावात, पहिली काही वर्षं लोक बिघडलेला रेडिओ किंवा मिक्सर तिच्या नवऱ्याच्या हातात द्यायचे. "भूषण, दख बरं काय झालं याले," असं म्हणायचे. भूषण घ्यायचा, आत आणून बायकोपुढं ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी विचारणाऱ्याला सांगायचा, "मी शेतकरी माणूस. माझ्याच्यानं फ्यूजसुद्धा बसत नाही. हे सगळं तिनं केलंय." लोकांना तो थट्टा करतोय असं वाटे.

पण खरं तेच होतं. दिपमालाचं माहेर सोनगीरचं. हायवेच्या कडेला वडिलांचं, रुपचंदभाऊंचं, टीव्ही दुरुस्तीचं दुकान. सहावीत असताना तिनं हातात सोल्डरिंगची गन धरली, ती सुटली नाही. धुळ्याला आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. लग्न होऊन चाळीसगाव तालुक्यातल्या या डोंगराच्या पायथ्याच्या गावात आली, तेव्हा तिच्या पेटीत साड्यांखाली मल्टिमीटर होता.

त्या वर्षी उन्हाळ्यात गावात एकच विषय होता, बेबाबाईची ऋतिका. बेबाबाई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची. नवरा गेल्यापासून पोरगी तिनं एकटीनं वाढवली. ती पोरगी खो-खोत राज्याच्या संघात निवडली गेली, संघ राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सामन्यात पोचला आणि तो सामना रविवारी दुपारी चार वाजता सरकारी क्रीडा वाहिनीवर दिसणार होता. शुक्रवारी सकाळी तसा निरोप आला. आणि त्याच दिवशी दुपारी डोंगरातून वानरांची टोळी उतरली.

पाण्यासाठी ती दर उन्हाळ्यात यायची. या वेळी चाळीसेक वानरं होती. त्यांनी या छपरावरून त्या छपरावर उड्या मारल्या, टीव्हीच्या छत्र्यांना लोंबकळत वायरी ओढून दातांनी तोडल्या. संध्याकाळपर्यंत गावात एक छत्री धड राहिली नाही.

"वांदरंस्नी बठ्ठ्या छत्र्या मोडी टाक्यात!" नवलभाऊ कपाळावर हात मारत दारात आले. गावातला सगळ्यात मोठा टीव्ही त्यांचा. नवा घेतलेला, भिंतभर. तालुक्याच्या मेकॅनिकला फोन केला, तर तो म्हणाला, बुधवारशिवाय जमणार नाही. मोबाइलवर बघावं, तर गावात बोलण्यापुरतीच रेंज. चित्र लावलं की चाक फिरत बसायचं.

रात्रीच्या भाकरी व्हायच्या आत बेबाबाई आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"दिपमाला, माले मन्ही पोर दिखी का?"

दिपमालाच्या तोंडून निघून गेलं, "दिखी, अक्का." आणि ती गेल्यावर स्वतःच्या जिभेचाच तिला धाक वाटला.

छत्रीवाचून टीव्ही लावायचा एकच मार्ग होता. डोंगरापलीकडं, घाटावर, सरकारी मनोरा होता. त्यावरून चार-पाच वाहिन्या डिजिटल पद्धतीनं हवेतून सोडतात, हे तिला माहीत होतं. क्रीडा वाहिनी त्यात होती. नव्या टीव्हीत त्यासाठीचा ट्यूनर आतच असतो. नवलभाऊंच्या टीव्हीचा मेनू उघडून तिनं बघितलं, होता. राहिला अँटेना. तो घराच्या आत बसवता आला, तर वानरांचीही भीती नाही.

शनिवारी सकाळी तिनं पाटाएवढी एक फळी घेतली. वीतभर लांबीचे तांब्याच्या तारेचे आठ तुकडे कापले, फुलपाखराच्या पंखांसारखे दोन्ही बाजूंना वाकवून स्क्रूनं बसवले. मागं कोंबड्यांच्या खुराड्याची उरलेली जाळी ठोकली. जुन्या अँटेनाचा जोड काढून लावला, तुटलेल्या छत्रीची केबल त्यात घातली. भूषण शेतातून आला तर घरात तारांचा पसारा. त्यानं स्वतःच चूल पेटवली.

नवलभाऊंच्या दिवाणखान्यात तिनं फळी डोंगराकडं तोंड करून धरली. ऑटो ट्यून लावलं. शून्य वाहिन्या. खिडकीत धरली, गच्चीवर नेली. शून्य. जुन्या टीव्हीला निदान मुंग्या यायच्या, त्यावरून अंदाज बांधता यायचा. डिजिटलचं तसं नाही. आलं तर आरशासारखं स्वच्छ, नाही तर काहीच नाही.

तिनं वडिलांना फोन लावला. सगळं ऐकून रुपचंदभाऊ म्हणाले, "डोंगर आडवा शे, बेटा. तू पायथ्याला बसेल शे. सिग्नल डोक्यावरथून जास. नाद सोडी दे."

वडिलांचं चुकत नसे. ती फळी घेऊन नवलभाऊंच्या पायरीवर बसून राहिली. डोक्यावरून जातो. मग जातो कुठं? तिनं समोर पाहिलं. गावाच्या उत्तरेला, दीड कोसावर, काळ्या खडकाची उभी टेकडी होती. सरळ भिंतीसारखी. पोरं तिथं हाक मारून आपलाच आवाज परत ऐकायची.

आवाज परततो, तर सिग्नल का नाही? ती उठली, आत आली आणि डोंगराकडं पाठ करून फळी टेकडीच्या दिशेनं धरली.

"अगं, मनोरा तिकडं आणि तू इकडं काय धरते?" नवलभाऊ हसले.

पडद्यावर सिग्नलचा आकडा हलला. आठ. अकरा. पुन्हा शून्य. पण हलला होता! सळयांच्या सिमेंटच्या घरात तो टिकत नव्हता. तिनं दुरुस्तीला आलेला एक छोटा, ट्यूनर असलेला टीव्ही नि लांब वायर घेऊन भूषणला बरोबर काढलं आणि गल्लीतल्या घरोघरी फळी धरून पाहिली. ताईबाईंकडं वीस. शाळेत पंधरा. गावाच्या उत्तरेच्या टोकाला मातीच्या भिंतींचं एक घर होतं, समोर मोकळं रान. तिथं कोनाड्यात फळी ठेवली आणि आकडा बासष्टवर जाऊन थांबला.

ते घर बेबाबाईचं होतं.

"उनं! चित्र उनं!" पडद्यावर माणसं दिसायला लागली तसा भूषण ओरडला. बेबाबाई भिंतीला टेकून नुसती बघत होती.

रविवारी नवलभाऊंनी भूषणला हाताशी घेऊन स्वतः टीव्ही उचलून आणला. जिच्या अंगणात एरवी कुणी थांबायचं नाही, तिथं तीन वाजताच पाय ठेवायला जागा उरली नाही. टीव्ही ओट्यावर, बायका पुढं, माणसं बाभळीखाली. दिपमाला आत कोनाड्याजवळ उभी राहिली. कुणाचा धक्का लागू नये म्हणून फळीची राखण करत.

सामना चुरशीचा झाला. ऋतिका रक्षणाला उतरली आणि गाव पुढं सरकून बसलं. खांबाला गिरकी, हुलकावणी, पुन्हा खांब. पाठलागावरच्या तीन जणी थकल्या, ही हाती लागेना. एक मिनिट, दोन, तीन. समालोचक म्हणाला, "ऋतिका, जळगाव जिल्ह्यातल्या खडकदरे या छोट्याशा गावची मुलगी..."

"आपलं गावनं नाव लिधं!" नवलभाऊ ताडकन उभे राहिले. ज्या गावाचं नाव एसटीच्या पाटीवरही कधी धड लिहिलं गेलं नव्हतं, ते देशभर ऐकू गेलं होतं. म्हातारी माणसं एकमेकांना पुन्हा पुन्हा विचारत होती, खडकदरेच म्हणाला ना?

शेवटी संघ दोन गुणांनी हरला. कुणीतरी उठायला लागलं, तशी बेबाबाई म्हणाली, "बसा. आजून शे." आणि खरंच, बक्षीस समारंभात स्पर्धेतली सर्वोत्तम संरक्षक म्हणून ऋतिकाचं नाव पुकारलं गेलं. पडद्यावर तिचा चेहरा मोठा दिसला, घामानं भिजलेला, ओठ घट्ट मिटलेले. बेबाबाई पुढं झाली. पडद्याला हात लावायला गेली आणि चित्र जाईल या भीतीनं तो मागं घेतला.

"लावा अक्का," दिपमाला आतून म्हणाली. "काही होत नाही."

बेबाबाईनं तळहात पोरीच्या गालावर ठेवला. चित्र स्वच्छ होतं, एक रेघ हलली नाही. ते बघताना दिपमालाच्या छातीत जे भरून आलं, ते तिला आयटीआयच्या प्रमाणपत्रानंही दिलं नव्हतं.

टीव्ही आवरायला नवलभाऊ पुढं आले, पण वायर काढता काढता थांबले. "बुधवारपर्यंत टीव्ही आठेच, याच घरात राहू द्या," ते म्हणाले. "पोरगी मंगळवारी येई. तिला दाखवा आपण कुठं बसून बघितलं ते."

मग ते दिपमालाकडं वळले. आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, "मन्हा सिमेंटना घरमा काही जमी का?"

"बघावं लागेल, भाऊ," ती म्हणाली. "फळी खिडकीबाहेर न्यावी लागेल, आणि मग वानरांचा विचार करावा लागेल." आणि पक्कड शोधायला ती आत गेली.