काळी एकचा गांधार

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी नवऱ्याची पेटी दुकानात दिली आणि कीबोर्ड घेऊन घरी आले.

हे जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. वर्ष सरेपर्यंत घरात सण नव्हता, आणि खरेदी करायचं माझ्या मनातही नव्हतं. मनात होतं ते भाऊजींच्या. भाऊजी म्हणजे ह्यांचे मित्र. नात्यातले नव्हेत, पण बावीस वर्षं, जुनी इंदूर भागातल्या आमच्या मंडळात, गुरुवारच्या भजनाला ते गायचे आणि हे पेटीवर साथ करायचे. एवढ्या वर्षांत नातं आपोआप ठरून जातं.

कृष्णपुऱ्याला होळकरांच्या समाध्या आहेत, त्या छत्र्यांवरून पुढे गेलं की वाद्यांची दोन-तीन दुकानं लागतात. दिवाळीआधी पंधरा दिवस तिथे सेल असतो. जुनं वाद्य आणा, नव्यावर सूट घ्या. दोघं दरवर्षी जात. सूट लागलेली एकेक पेटी पुढ्यात ओढून वाजवत, गिऱ्हाइकांची वाट अडवत, आणि फार तर माइकची एखादी वायर घेऊन परत येत. दुकानदार त्यांना पाहिलं की म्हणायचा, "आ गए फोकट की बैठकवाले." त्यावर भाऊजी म्हणायचे, "भिया, तुझ्या दुकानात रौनक कुणामुळे आहे? आमच्यामुळेच ना?" घरी आल्यावर हे मला सांगायचे की आपल्या पेटीसारखी एकही नाही. दरवर्षी तेच वाक्य.

त्यात बढाई नव्हती. ती पेटी ह्यांनी स्वतः लावली होती. दुकानातल्या पेट्यांचे सूर सगळ्यांना चालतील असे लावलेले असतात, आणि भाऊजींना तेच बोचायचं. ते काळी एकमध्ये गातात. त्या पट्टीत बाजारच्या पेटीचा गांधार त्यांच्या गळ्याहून किंचित चढा लागतो. ह्यांनी एका उन्हाळ्यात पेटी उघडली, पितळेचे सूर, म्हणजे आतल्या पात्या, बाहेर काढले आणि बारीक कानशीने घासत बसले. मुळाशी घासला की सूर उतरतो, टोकाशी घासला की चढतो. मी शेजारी तानपुरा धरून बसायचे. "अजून?" हे विचारायचे. "केसभर," मी म्हणायचे. मला गाणं येत नाही. पण तो गांधार तानपुऱ्यात मिसळून दिसेनासा झाला तो क्षण मी ऐकला आहे. हे बोलायचे कमी, गायचे तर नाहीतच. त्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. ऐकू येईल असं त्यांचं मागे राहिलेलं म्हणजे ती पेटी.

भाऊजी दिवाळीआधी दोनदा येऊन गेले. "वहिनी, वाजती नसली की पेटी मरते. भात्याला भोकं पडतात, पितळ काळं पडतं. आत्ता एक्स्चेंज चालू आहे. महूहून तुमची नात सुट्टीत येते, तिला कीबोर्ड होईल."

"वर्षाच्या आत नवीन वस्तू कशी आणू?"

"सण थोडाच करायचाय? उगाच झंझट मनाला लावून घेऊ नका."

रिक्षात पेटी त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरली होती. ते मला तेव्हा मायेचं वाटलं.

दुकानदाराने पेटी काउंटरवर ठेवली, फोनवर सूर मोजायचं ॲप लावलं आणि एकेक पट्टी दाबत गेला. मी तोंड फिरवून उभी होते. सहा महिन्यांत त्या पेटीला कुणी हात लावला नव्हता आणि तो आवाज मला सोसत नव्हता. "मैडमजी, इधर देखो. ग पे सुई बाएँ जा रही है. हर सप्तक में. पेटी बेसुरी हो गई." मी वळून पाहिलं. सुई खरंच मधोमध राहत नव्हती.

"काय हो भाऊजी?"

भाऊजी भिंतीवर टांगलेले गिटारचे पट्टे बघत होते. "मशीन कशाला खोटं बोलेल, वहिनी."

मी तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. मोजलेल्यावर विश्वास ठेवा, हे मीच सांगत आले. शिवाय ज्याच्या गळ्यासाठी ते सूर घासले होते, तो माणूस शेजारी उभा राहून होकार देत होता. ॲप बाजारच्या पेटीचे सूर धरून मोजतं आणि हा गांधार ह्यांनी मुद्दाम उतरवलेला, तो उन्हाळा मला त्या क्षणी आठवला नाही. मी पेटी देऊन टाकली.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मंडळाच्या बायका मला आग्रहाने भजनाला घेऊन गेल्या. भाऊजी आता स्वतःच पेटी वाजवत गात होते. पेटीला तांबूस पॉलिश होतं, बाजूला नवीन पितळी कड्या होत्या. मी ओळखली नाही. मग त्यांनी सूर धरला, सा वरून वर गेले आणि गांधारावर थांबले. गळ्याचा आणि पेटीचा गांधार एकात एक बसला, दोन आहेत हे कळू नये असा.

मी भजन संपेपर्यंत बसून राहिले. लोक प्रसादाला उठले तेव्हा पुढे गेले.

"भाऊजी, ही आमची पेटी."

ते कड्यांवरून फडकं फिरवत राहिले. "त्याच आठवड्यात आणली. दुकानदाराला आधीच सांगून ठेवलं होतं."

"ती बेसुरी नव्हती."

"नव्हती."

"मग मला मागितली का नाहीत?"

"तुमचं वर्षसुद्धा झालेलं नव्हतं, वहिनी. गेलेल्या माणसाची वस्तू त्याच्या बायकोकडे कुठल्या तोंडाने मागायची? लोक काय म्हणाले असते, हा टपूनच बसला होता."

"मागितली असतीत तर मी तुमच्या घरी आणून दिली असती."

"आता तुम्ही म्हणताय."

हे शेवटचं ऐकून मी बाहेर आले. मागायची लाज वाटली आणि फसवायची वाटली नाही, याचा अर्थ मी बरेच दिवस लावत बसले. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला वाटतं, प्रत्येक वागण्यामागे काहीतरी खोल असतं. इथे तसं काही सापडलं नाही. त्यांना पेटी हवी होती आणि चांगलंही दिसायचं होतं. दोन्ही जमलं. मला त्यांच्याहून जास्त राग माझा येतो, कारण केसभर म्हणणारी मीच होते, आणि फोनपुढे गप्प राहिले.

पेटी परत मागावी असं मुलीने सुचवलं. मी मागितली नाही. माझ्या घरी ती बंद पडून राहील. तिचा गांधार फक्त त्या एका गळ्याशी जुळतो, आणि तो गळा त्या माणसाचा आहे.

आता मी दर गुरुवारी जाते. मागे, दाराजवळ बसते. भाऊजींशी बोलत नाही.