कमरजहाँनं शेडची किल्ली मागितली

वडवणीत बॅटरीचं काम करणारी बाई एकच, कमरजहाँ. वय पन्नाशीच्या पुढं. वडील ख्वाजाभाई ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे. ते गेल्यावर भाऊ फळांच्या धंद्यात शिरले आणि दुकान हिनं चालवायला घेतलं. ॲसिडचे थेंब उडून तिच्या ओढणीला कायम भोकं पडलेली असतात. बाई रागीट. कुणी बॅटरीत नळाचं पाणी ओतलंय असं कळलं की रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या आवाजात त्याला झापते. तरी लोक तिच्याकडंच येतात, कारण चालण्यासारखी बॅटरी ती कुणाला कधी भंगारात काढायला लावत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये एका सकाळी साखराबाई तिच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. साखराबाई धनगराची बाई, मेंढरांमागं हिंडून पायाला भेगा पडलेली. तिनं हातातली काठी फरशीवर आपटली.

"तुह्या बॅटरीनं माही एकोणीस मेंढरं खाल्ली!"

कमरजहाँ हातातलं काम टाकून उठली. "काय बोलतीस? कोन म्हनलं?"

"सोमेश्वरसाहेब म्हनले. वडवणीच्या बाईनं खराब माल दिला म्हनले."

सोमेश्वर म्हणजे मेंढपाळांसाठी फिरता दवाखाना चालवणाऱ्या एका संस्थेचा व्यवस्थापक. या दवाखान्याच्या गाडीत दोन बॅटऱ्या होत्या, एक इंजिनाची आणि दुसरी मागच्या फ्रिजची, लस थंड ठेवायला. दोन्ही कमरजहाँच्याच दुकानातल्या, नव्याकोऱ्या. दिवाळीनंतर मेंढपाळ कळप घेऊन लांब निघून जात, तेव्हा गाडी जूनपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये उभी राही. कळप परतले, कोवळं गवत वर येऊ लागलं, आणि ते खाऊन मेंढरं पटापट मरतात त्या आंत्रविषार रोगाची लस घेऊन निघायच्या दिवशी गाडी सुरूच झाली नाही. लोकांनी ढकलून ती कशीबशी चालू केली, पण मागचा फ्रिज वाटेतच बंद पडला. लस तापली, फेकून द्यावी लागली. दुसरी लस यायला आठ दिवस लागले. तेवढ्यात साखराबाईच्या कळपातली एकोणीस मेंढरं आडवी झाली होती.

कमरजहाँनं मीटर आणि पाना पिशवीत टाकला, दुकानाचं शटर ओढलं आणि म्हणाली, "चल. तुझ्यासमोरच बघू."

दोघी गावाबाहेरच्या शेडवर पोचल्या. सोमेश्वर तिथंच खुर्ची टाकून बसला होता. तिनं त्याला नमस्कारही केला नाही. सरळ बॉनेट उघडून मीटर लावला. बारा दाखवायच्या जागी चार. मागच्या बॅटरीची झाकणं काढली. आत पाण्याचा टिपूस नाही, प्लेटांवर पांढरा थर धरलेला.

"आपा, नवीन बॅटरी होती," सोमेश्वर म्हणाला. "गाडी सात महिने जागची हलली नाही. न वापरता बॅटरी संपते कशी? माल खराब असल्याशिवाय?"

"उभ्या गाडीतबी बॅटरी मरती, साहेब!" कमरजहाँचा आवाज पत्र्यावर घुमला. "हा गाडी कुठं हाय ते सांगनारा डबा बघा. ह्याचा लाल दिवा दिवसरात्र चालू. सात महिने त्यानंच खाल्ली बॅटरी. टपावर सोलरची पाटी बसवली, आन् गाडी ठिवली पत्र्याखाली! ऊन काय पत्रा फाडून आत येनार हाय का? मेंढरू दावणीला बांधून सात महिने चारा न्हाई टाकला, तर जगंल का ते?"

"पण हे आम्हाला कुणी..."

"मी सांगितलतं! दिवाळीला हितंच उभी राहून सांगितलतं. पुरी चार्ज करा, काळी वायर काढून ठिवा, पाणी बघा, महिन्याला मीटर लावा, साडेबाराच्या खाली गेली की परत चार्जिंगला लावा. तुमी फोन कानाला लावून हो हो करीत व्हते."

साखराबाईनं सोमेश्वरकडं वळून विचारलं, "खरं हाय का? हिनं सांगितलतं का तुमाला?"

त्यानं मोबाईलच्या काचेवरची धूळ पुसली. "कामाच्या गडबडीत राहून गेलं, मावशी."

"राहून गेलं?" साखराबाई म्हणाली. "सात गाभण व्हत्या त्यातल्या." आणि तिनं काठी उचलून गाडीच्या बॉनेटवर अशी हाणली की पत्र्याला पोचा पडला. सोमेश्वर खुर्चीसकट मागं सरकला.

कमरजहाँचा राग मात्र तेवढ्यानं शांत झाला नाही. तिच्या दुकानाचं नाव मेंढपाळांच्या वस्त्यावस्त्यांवर खराब झालं होतं. पुढच्या आठवडी बाजारात तिनं त्या दोन्ही मेलेल्या बॅटऱ्या हातगाड्यावर घालून आणल्या, मेंढरांच्या बाजारात मधोमध गाडा उभा केला आणि झाकणं उघडून येईल त्याला प्लेटा दाखवल्या. शेजारी साखराबाई काठी टेकून उभी. तीच सगळ्यांना सांगत होती, "माल चांगला व्हता. उपाशी मारला." दुपारपर्यंत मेंढपाळांचा म्होरक्या सिदू सोमेश्वरला तिथं घेऊन आला.

सिदू म्हणाला, "साहेब, काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगा."

सोमेश्वरनं सांगितलं. हळू आवाजात सांगितलं म्हणून कमरजहाँनं त्याला पुन्हा मोठ्यानं सांगायला लावलं. मग तिनं हात पुढं केला. "शेडची किल्ली."

दिवाळीनंतर तिनं गाडी शेडबाहेर उन्हात लावली, काळी वायर काढली, मेलेल्यांच्या जागी घातलेल्या नव्या बॅटऱ्या पुऱ्या चार्ज केल्या. फ्रिजची बॅटरी टपावरच्या सोलरला जोडून ठेवली, सोलरची पाटी दर खेपेला ओल्या फडक्यानं पुसली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ती मीटर घेऊन जायची, डिस्टिल्ड वॉटर घालायची, आकडा दाराच्या पत्र्यावर खडूनं लिहायची. फेब्रुवारीत एकदा इंजिनाची बॅटरी खाली गेली, तेव्हा रिक्षात घालून दुकानात आणून रात्रभर चार्जिंगला लावली. हे करताना तोंडानं सोमेश्वरचा उद्धार चालूच असे.

यंदा जूनमध्ये गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. लस थंडगार पोचली. साखराबाईच्या वस्तीवर कमरजहाँ स्वतः गेली होती. तिला वाटलं, साखराबाई दोन शब्द बोलेल. साखराबाई एकेक मेंढरू धरून डॉक्टरपुढं करत राहिली आणि एवढंच म्हणाली, "ह्याच वक्ताला गेल्या साली पोहोचली असती तर."  कमरजहाँनंही वाकून एक मेंढरू धरलं.

इतक्यात तिकडं सोमेश्वर गाडीला टेकून फोटो काढून घेत होता. फोटो चांगला यावा म्हणून त्यानं इंजिन बंद ठेवून पुढचे, मागचे, आतले सगळे दिवे लावले होते. कमरजहाँनं मेंढरू सोडलं आणि तिथूनच ओरडली,

"ए साहेब! दिवे बंद करा आधी!"