बर्फातल्या गावाचा मालक

ताईच्या लॅपटॉपवरच्या गेममध्ये मी बर्फात गाव वसवत होतो. गावाला ऊब देणाऱ्या भट्टीचा कोळसा संपत आला, म्हणून खाणीतली पाळी आठ तासांवरून चौदा तासांवर नेली. तांदळाच्या दाण्याएवढी माणसं कुदळी टाकून चौकात बसली.

"संप! तोही तुझ्याविरुद्ध!" ताईने टाळ्या वाजवल्या.

"अगं, भट्टी विझली तर सगळे गारठून मरतील!"

"सगळे मालक असंच घाबरवतात, हे तू कामगार युनियनसाठी लिहिलेल्या पत्रकातच वाचलंय मी."

सत्ता माणसाला हळूहळू बिघडवते, असं मी समजत होतो. मला पाऊण तास पुरला.

मुकाट्याने पाळी आठ तासांची केली. माणसं खाणीत परतली, भट्टी कशीबशी तगली. मग चौकात माझा जयजयकार झाला. सांगायला लाज वाटते, पण तो मला फार आवडला.