पापण्यांनी वेचायचं मीठ

मुलांनो, एक गंमत करा. जिभेचं टोक जरासं बाहेर काढा आणि समोरची हवा चाटा. लागली काही चव? नाही ना? आता डोळे मिटा आणि माझ्याबरोबर खाली चला. खाली म्हणजे विहिरीच्या तळाच्याही खाली, झाडांची मुळं जिथवर पोचत नाहीत तिथे. लिफ्टचा लोखंडी पिंजरा खडखडत उतरतोय. कानांत दडे बसतात. दार उघडतं, तर समोर एक थोरली खोली. भिंती मिठाच्या. छत मिठाचं. पायाखालची फरशीही मिठाचीच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेली. आता पुन्हा हवा चाटा. बघा, खारट लागते की नाही!

ही पोलंड देशातली फार जुनी मिठाची खाण आहे. आता इथे मीठ काढत नाहीत, प्रवासी बघायला येतात. मिठाची हवा छातीला बरी म्हणतात, म्हणून या खोलीत लाकडी खाटा मांडून ठेवल्या आहेत. दुपारच्या वेळी लोक येतात, कांबळं पांघरतात आणि गुपचूप पडून राहतात.

त्यातल्या कडेच्या खाटेवर हर्षाली पडली आहे. पण गुपचूप नाही. ती या कुशीवरून त्या कुशीवर होते आणि खाट प्रत्येक वेळी कुरकुरते.

"पड गो जरा," शेजारच्या खाटेवरून मालतीआत्या कुजबुजते. "अंगात किडे आहेत काय?"

आत्याला दमा आहे, तिच्यासाठीच ही दुपार. पलीकडच्या खाटेवर पप्पा केव्हाच घोरायला लागलेत. पप्पा क्रेनचे इंजिनिअर. इथल्या एका बंदरावर त्यांचं काम निघालं आणि शाळेला सुट्टी होती, म्हणून हर्षाली आणि आत्याही आल्या. तिघंही उरणकडची. खाडीकाठची माणसं.

हर्षालीला झोप का येत नाही, ते सांगतो.

काल सकाळी हॉटेलात नाश्ता करताना तिच्या हातून मिठाची बाटली कलंडली. टेबलभर मीठ. आत्या लगेच म्हणाली, "मीठ सांडू नये गो! मेल्यावर देव एकेक दाणा पापण्यांनी वेचायला लावतो." तुमच्याही घरी कुणीतरी असं म्हणालं असेल. आपण ऐकतो, हसतो आणि विसरतो. पप्पाही हसले. हर्षाली मात्र हसली नाही. तिने अंड्याला मीठ लावलं नाही आणि तेव्हापासून मिठाला हातही लावला नाही.

कारण तिला आजा आठवला.

तिचा आजा, जोमा म्हात्रे, जन्मभर मिठागरात राबला. खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हाने ते आटवायचं, खाली बसलेलं मीठ ओढायचं, पाटीत भरायचं आणि पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालत जायचं. चालताना पाटीतून मीठ सांडायचंच. आजाच्या मागे बांधावर पांढरी रेघ उमटायची. लहानपणी हर्षाली त्या रेघेवर पाय ठेवत त्याच्या मागून चालायची. आजा गेल्या वर्षी होळीच्या आधी वारला.

तुम्हीच विचार करा. आपल्याकडून आयुष्यात एखादी बाटली सांडते. आजाकडून तर रोज सांडायचं. मग आता तो कुठे असेल आणि काय करत असेल?

मघाशी लिफ्टमध्ये तिने विचारलं होतं, "पप्पा, आजाने सगळं मिळून किती मीठ सांडलं असेल?"

"आजा? छे! दाणासुद्धा वाया घालवायचा नाही तो," असं म्हणून पप्पा भिंतींचे फोटो काढायला लागले.

आता छतातून कुठेतरी पाणी ठिबकतंय. टप. बराच वेळ काहीच नाही. पुन्हा टप. हर्षाली पुढच्या थेंबाची वाट बघते. थेंब येत नाही. पापण्या जड होतात, चुरचुरतात. आत्याचा श्वास लांबून आल्यासारखा वाटतो. खाट पुन्हा कुरकुरते, पण या वेळी हर्षाली हललेली नाही.

खाट चालतेय.

खाली बघते तर खाट नाहीच. ती बांधावर उभी आहे, आणि पायाखाली पांढरी रेघ आहे. दोन्ही बाजूंना वाफे आहेत, पण त्यांच्यावर आभाळ नाही. वर मिठाचं छत आहे. वारा नाही, ऊन नाही. रेघ पुढे जाते, म्हणून हर्षालीही पुढे जाते.

रेघ तिच्या शाळेत शिरते. शाळेच्या व्हरांड्यात सगळे वर्ग बंद आहेत आणि दारांना मिठाची कुलुपं आहेत. ती एका कुलपाला बोट लावते, बोट चाटते. व्हरांडा संपतो तिथे घरचं स्वयंपाकघर आहे. चुलीवर काहीतरी उकळतंय, ओट्यावर कुणी नाही. फडताळाचं दार उघडं आहे आणि त्यातून एक जिना खाली उतरतो. पांढरी रेघ त्या जिन्याने खाली गेली आहे.

"आजा!" ती हाक मारते. आवाज खाली जातो आणि परत येत नाही.

ती धावत उतरते. पायऱ्या संपत नाहीत. उतरता उतरता तिला वाटतं, आपण उशीर केला. कशाला उशीर, ते कळत नाही. नुसता उशीर.

शेवटची पायरी आली की समोर पाणी असतं. सकाळी गाईडबाईंनी दाखवलं होतं तेच जमिनीखालचं तळं. काळं, न हलणारं. आणि तळ्याच्या काठावर गुडघे टेकून, जमिनीला तोंड लावून एक म्हातारा बसला आहे. कमरेला रुमाल, पाठ उन्हाने काळी पडलेली. त्याच्या एका हाताला मिठाचा डोंगर आहे, छतापर्यंत. दुसऱ्या हाताला ओंजळभर ढीग.

म्हातारा वाकतो, जमिनीवर डोळा टेकवतो, पापणी मिटतो आणि मान वर करतो.

"आजा!"

आजा वळून बघतो. त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या आहेत. "आयलीस काय गो?" तो म्हणतो. आवाज तोच, तंबाखूने घोगरा झालेला. "बस. पन बाजूला बस, दानं तुडवू नको."

हर्षाली त्या डोंगराकडे बघते. म्हणजे खरंच होतं ते! ती त्याच्या शेजारी गुडघे टेकते. "मी पण वेचते. दोघांनी मिळून लवकर होईल."

ती जमिनीवर डोळा टेकवते. पापणी मिटली की दाणा चिकटतो. पापणी उघडली की पडतो. मिटली की चिकटतो, उघडली की पडतो. डोळ्यांत आग आग होते. ती घाईने मिटते, घाईने उघडते, आणि तिच्यापुढचा ढीग काही वाढत नाही.

आजा तिच्याकडे बघत राहतो. मग हसायला लागतो. खोकला येईपर्यंत हसतो.

"हसतोस काय? किती दिवस वेचतोयस तू?"

"काल सकालपासून."

"काल? तू तर मागच्या वर्षीच..."

"तेच तर सांगतंय. वर्षभर मना कोनी काय बोललं नाय. मी आपला बरा होतो. काल सकाली एकदम हितं आनून बसवला, नि बोलले वेच. कोनी बसवला ठावं हाय?"

"देवाने?"

आजा तिच्या कपाळावर बोट टेकवतो. बोट गार आहे. "हितून हुकूम आयला. कालपासून तू मना हितंच बसवून ठेवलंयस गो. ना रात्री सोडलंस, ना दिवसा. गुडघं दुखून आलं माझं."

हर्षालीला रडू फुटतं. "पण तू सांडायचास ना! रोज सांडायचास! मी बघितलंय, रेघ उठायची मागे."

"सांडायचो तर! पाटी भरून न्यायची म्हंजे सांडनारच." आजा बांधावर टेकायचा तसा टाचांवर टेकून बसतो. आता ते दोघं बांधावरच आहेत, तळ्याच्या मधोमध. "मग ती रेघ दुसऱ्या दिवशी असायची काय? आठव बरं."

हर्षाली आठवून बघते. नसायची. रोज नवी रेघ असायची.

"कुठं जायची ती?"

"मला नाही माहीत."

"अगो, उधानाचं पानी बांधावर चढायचं नि घेऊन जायचं. पानी परत वाफ्यात यायचं. त्याचंच परत मीठ. जे सांडला तेच मी परत ओढला. जन्मभर सांडला नि जन्मभर उचलला. आता पापन्यांनी काय वेचायचं ऱ्हायलंय?"

हर्षाली नाक पुसते. हे तर कुणीच सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं म्हणा.

"पन हितलं काय समजत नाय मना," आजा वर बघतो. तो अस्वस्थ झालाय. मिठागरात वारा पडला की व्हायचा तसा. सारखा मान वळवून वारा कुठून येतो ते शोधतो. "ऊन नाय, वारा नाय. हे मीठ कोनी पिकवलं?"

"इथे फार पूर्वी समुद्र होता," हर्षाली गाईडबाईंचं सांगणं आठवून म्हणते. "तो आटला. खाली मीठ राहिलं. मग त्याच्यावर माती आली, डोंगर आले."

"म्हंजे हे पन आगरच! मीठ तयार झालं, नि उचलायला कोनी आयला नाय." आजाला हे फारच लागतं. तो चुकचुकतो. मग एक दाणा उचलून तळ्यात टाकतो. दाणा तळाशी जातो आणि तिथे तसाच चमकत राहतो. "बघ. विरघलत पन नाय."

"या पाण्यात आणखी मीठ मावत नाही. बाई म्हणाल्या, पोट भरलंय त्याचं."

"मग मी हितून जाऊ कसा?" आजा उठतो. खरंच विचारतोय तो. "भरती येत नाय. पानी हालत नाय. गुदमरायला होतं गो मना."

कुठूनतरी घंटा वाजते. शाळेची असेल. मिठाचा डोंगर आता नाही, वेचलेला ढीगही नाही. आजाच्या चिमटीत फक्त एक दाणा आहे. तो हात पुढे करतो. "हा घे. हा हालत्या पान्यात सोड. मंग मी सुटलो."

हर्षाली हात मागे घेते. "हातात नको देऊस. मीठ हातात दिलं की भांडण होतं."

"आता तुझं नि माझं कसलं भांडन होनार?" आजा म्हणतो, पण हात थांबवतो. रीत ती रीत. इकडेतिकडे बघतो, ठेवायला पाट नाही, पान नाही. "बरं, डोलं मीट."

ती डोळे मिटते. पापणीवर काहीतरी हलकं, गार टेकतं.

"आता मना परत बोलव तवा," आजाचा आवाज लांबून येतो, "बांधावर बोलव. वारा असल तिथं..."

टप.

"ऊठ गो, घंटा झाली," आत्या तिला हलवतेय. "झोप नाही म्हणता म्हणता घोरत होतीस, बापासारखी."

हर्षाली डोळे उघडायला जाते आणि थांबते. उजव्या पापणीवर काहीतरी आहे. ती दोन बोटांनी अलगद काढते. मिठाचा दाणा. अश्रू वाळून होतो तसा चुरा नव्हे. चांगला टणक, चौकोनी, मिठागरातल्यासारखा.

"वरून पडला असेल," आत्या छताकडे बघून म्हणते. "टाक तो."

हर्षाली टाकत नाही. मूठ मिटते. लिफ्टचा पिंजरा खडखडत वर जातो, कानांतले दडे सुटतात, पप्पा काहीबाही विचारतात. ती मान हलवते आणि मूठ घट्ट धरते. तळहाताला घाम येतोय आणि तिला भीती वाटतेय, की दाणा मुठीतच विरघळेल.

बाहेर ऊन आहे, वारा आहे. रस्त्याच्या खाली एक लहानशी नदी वाहतेय. आत्या काठावरच्या दगडावर पिशवी ठेवून सकाळची उकडलेली अंडी काढायला लागते.

"पप्पा, ही नदी कुठे जाते?"

"मोठ्या नदीला मिळते. ती मोठी नदी माझ्या बंदरापाशी समुद्रात."

"आणि तो समुद्र आपल्या खाडीला जोडलेला आहे?"

पप्पा विचार करतात. "वळसा फार लांबचा पडेल. पण हो. समुद्र सगळे एकमेकांना जोडलेलेच."

हर्षाली काठावर उकिडवी बसते. मूठ पाण्यात बुडवते. पाणी झोंबणारं गार आहे आणि बोटांमधून जोराने पळतंय. ती मूठ उघडते.

"काय गो, मासे धरतेस काय?" मागून आत्या ओरडते.

ती बोटं पाण्यात पसरून धरते. जरा वेळाने तळहात वर काढून चाटते. नुसती पाण्याची चव. मग ती दगडापाशी येते आणि सोललेलं अंडं घेते. आत्याने मिठाची पुडी उघडून दगडावर ठेवलेली असते. हर्षाली चिमूटभर मीठ उचलून अंड्यावर घालते. काही दाणे गवतात पडतात. आत्या बोलायला तोंड उघडते.

हर्षाली आणखी एक चिमूट घेते आणि अंड्याचा मोठा घास तोडते.