रहाटाची काळी पट्टी

सन एकोणीसशे एकसष्ट. मी तेहतीस वर्षांचा होतो आणि काशीत दूधविनायकाजवळ एका तीन मजली घरात सोवळ्याचं पाणी भरायचो. त्याच घरात तिसऱ्या मजल्यावर एक जण आईबरोबर राहायचा. कुठं काही अडलं की आधी कान खाजवायचा, मग म्हणायचा, "ह्याला काहीतरी उपाय पाहिजे."

रेल्वेत कारकून होता. पण डोकं सगळं उपायांत. गल्लीत त्याला यंत्रोबा म्हणत, तोंडावर म्हणत, आणि तो हसायचा. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. लोक हसतात ते त्यांना कौतुक वाटतं.

आमच्याकडं माकडं चष्मे पळवतात. यानं चष्म्याला दोरी बांधली आणि दोरीचं टोक शेंडीला. माकडानं चष्मा ओढला तसा हा निम्म्या गच्चीपर्यंत फरफटत गेला. देवळाबाहेर चपला चोरीला जातात म्हणून दोन्ही चपला साखळीनं एकमेकींना बांधल्या, कुलूप लावलं. पूर्वी एखादी तरी मागं राहायची, त्या दिवशी जोड गेला, कुलूपही गेलं. मीच ही गोष्ट घाटावर चार जणांना सांगितली. चारांची चाळीस झाली.

आता माझं काम सांगतो. आमच्या लोकांत पूजेचं नि स्वयंपाकाचं पाणी कोणीही आणून चालत नसे. आंघोळ करून, ओलेत्यानं, ब्राह्मणानंच भरायचं. मी चौथी नापास, मंत्र येत नाहीत, पण घागर खांद्यावर घेऊन तीन जिने न थांबता चढायचो. माझ्या बापानंही त्याच घरात पाणी भरलं. सगळी गल्ली मला 'अरे पाणक्या' म्हणे. तो एकटा मला 'अहो भटजी' म्हणायचा.

एक दिवस मी जिन्यात घागर उतरवली तेव्हा त्यानं माझा खांदा पाहिला. सुजलेला असायचाच. कान खाजवून म्हणाला, "भटजी, हे बरं नाही. ह्याला काहीतरी उपाय पाहिजे."

मी त्याला विचारलं नव्हतं. माझा खांदा माझा होता.

त्यानं सज्जात रहाट बसवला. लाकडी चाक, बाजूला दांडा, दोर थेट खाली चौकातल्या विहिरीत. दोर चाकावरून सटकायचा, म्हणून त्यानं सायकलची जुनी ट्यूब कापून तिची पट्टी चाकाला गुंडाळली. ट्यूब ताणून धरायला मला बोलावलं. मी धरली. म्हटलं, हाही खेळ चपलांसारखाच जाणार.

गेला नाही. तो पहाटे आंघोळ करून दांडा फिरवायचा, आणि बादली विहिरीतून सरळ त्याच्या आईच्या दारात. माई सत्तरीच्या, सोवळ्याच्या कडक. पण त्या सगळ्यांना सांगत सुटल्या की इतक्या वर्षांनी पोराच्या हातचं पाणी मिळालं. तो बाजूला उभा राहून लाजायचा, एवढा घोडा. माझं तिसऱ्या मजल्याचं काम गेलं. महिन्याभरात दुसऱ्या मजल्याच्यांनी त्याला विचारलं, आमच्याकडं असा रहाट बसवाल का? समोरच्या घरानंही विचारलं. तो मला म्हणाला, "भटजी, आता तुमच्या खांद्याला आराम."

दुसऱ्या दिवशी माई देवळातून परत येताना जिन्यात भेटल्या. मी बाजूला झालो आणि म्हटलं, "माई, मी काही म्हणत नाही. पण दोर ज्यावरून फिरतो ती काळी पट्टी एकदा बघून घ्या. चांभाराकडं तसलंच मिळतं."

एवढंच बोललो. त्या तिथंच पायरीवर बसल्या. महिनाभर त्या पाण्यानं देव धुतले होते.

संध्याकाळी चौकात सगळं घर जमलं. त्यानं पट्टी सोडून आणली. रबर आहे, ट्यूब आहे, परोपरीनं सांगत होता. वास घ्या म्हणाला आणि काडी लावून पट्टीचा तुकडा पेटवला. काळा धूर झाला. सगळ्यांनी नाकाला पदर, पंचे लावले. खालच्या बिऱ्हाडाचा म्हातारा म्हणाला, यंत्रोबानं आता घरातच चामडं जाळायला सुरुवात केली. लोक हसले. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो हसला नाही.

माझ्याकडं वळला. "भटजी, तुम्हीच धरली होतीत ना ट्यूब? आईला सांगा."

सगळे माझ्याकडं बघत होते. माई पण.

मी म्हटलं, "धर म्हणालात, धरलं. काय होतं ते मी काय जाणे? मी अडाणी माणूस."

तो माझ्याकडं बघत राहिला, आणि त्याला समजलं. ते मला दिसलं. माई म्हणाल्या, "एकदा शंका आली की झालं," आणि वर गेल्या. प्रायश्चित्त घेतलं, देव पंचगव्यानं धुतले. मला निरोप आला की उद्यापासून पाणी तूच भर. दुसऱ्या मजल्याच्यांनी रहाटाचं नाव काढलं नाही.

चार वर्षं मी ते पाणी भरलं. त्यानं नवी पट्टी लावली होती, पण त्या पाण्यानं आंघोळ तो एकटाच करायचा. माईंनी त्याच्या हातचं पाणी पुन्हा घेतलं नाही. भरल्या भांड्याला त्याचा हात लागला तर ओतून द्यायच्या. उपाय बिपाय त्याचं सगळं थांबलं. मला मात्र 'अहो भटजी' म्हणायचा तो म्हणायचाच. ते त्यानं सोडलं असतं तर बरं झालं असतं.

माई गेल्या त्या दिवशी दुपारी जीव अडकला होता. तो गंगाजळाची पळी घेऊन उशाशी बसला. त्यांनी ओठ मिटून घेतले. दोनदा, तीनदा. पाणी हनुवटीवरून ओघळलं. मग पुटपुटल्या, "भटाला बोलवा." मी ओलेत्यानं वर गेलो. त्यानं उठून मला जागा दिली, आणि पळी माझ्याजवळ ठेवली. माझ्या हातचं त्या प्यायल्या.

घाटावरून परत येताना जिन्याच्या तोंडाशी तो थांबला. "भटजी, ती नाही आता. आता तरी सांगा. मला एकट्याला."

मी म्हटलं, "काय सांगू? मी अडाणी माणूस."

तो मान हलवून वर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो क्रियाकर्माला घाटावर गेला होता. दार उघडंच होतं. मी सज्जात गेलो, बादली खाली सोडली आणि दांडा फिरवला. दोर जरासुद्धा सटकला नाही. बादली वर आली, तिच्यात ओंजळ घालून मी पोटभर पाणी प्यायलो. मग खाली उतरलो, घागर खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या मजल्याचं पाणी भरायला लागलो.